अभ्यासक्रम ही नुसती यादी नव्हे

महाविद्यालयाचा अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकांची यादी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. यादीत आपले पुस्तक लागले की आपण समाधान मानतो. नाही लागले की निषेधाचे पत्रक काढतो. गेली बरीच वर्षे मराठी शिकवीत आल्यावर, आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या उपसमितीवर दोन वेळा काम केल्यावर, माझे मत बदलले आहे. पुस्तक कोणत्या घटकात बसवले, त्याला किती तासिका दिल्या, त्याच्या आधी व नंतर काय ठेवले आणि परीक्षेत त्याच्यावर कोणता प्रश्न विचारला, या चार गोष्टींवर ते पुस्तक वर्गात बोलणार की मुके राहणार हे ठरते. यादीतला समावेश ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. हे काम कसे चालते, आपण कोठे फसतो आणि काय करता येण्याजोगे आहे, हे माझ्या स्वतःच्या चुकांसह मांडावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

१

पहिल्यांदा उपसमितीवर माझी नेमणूक झाली तेव्हा तृतीय वर्षाच्या एका अभ्यासपत्रिकेची फेररचना करावयाची होती. विषय होता स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्यप्रवाह. पाच घटक ठरले: नवसाहित्य, ग्रामीण, स्त्रीवादी, आदिवासी आणि दलित. पाचव्या घटकात दया पवारांचे 'बलुतं' लागले. मी खूश होतो. बैठकीत फारसा वादही झाला नाही. कार्यकर्त्या मित्रांनी अभिनंदन केले. वाद का झाला नाही, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आला नाही. तो यावयास हवा होता.

कागदावर त्या पत्रिकेला साठ तासिका होत्या. म्हणजे प्रत्येक घटकाला बारा. प्रत्यक्षात प्रवेश लांबतात, शिक्षकांना निवडणुकीची कामे लागतात, स्नेहसंमेलन येते, सुगीच्या दिवसांत खेड्यातली मुले आठवडा-आठवडा येत नाहीत. साठांतल्या चाळीस-पंचेचाळीस तासिका झाल्या तरी खूप. ज्या तासिका बुडतात त्या नेहमी शेवटच्या असतात, आणि शेवटचा घटक दलित साहित्याचा होता. पहिल्या वर्षी मी स्वतः 'बलुतं' दोन तासिकांत उरकले. फळ्यावर लेखकाचा परिचय लिहिला, आत्मकथनाची पाच वैशिष्ट्ये सांगितली, टिपणे दिली आणि परीक्षेला काय येते ते सांगून मोकळा झालो. हे मी केले. कोणा सनातनी प्राध्यापकाने केले नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच शेवटच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमचं पुस्तक दर वेळी शेवटीच का येतं?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती. घराचा पत्ता विचारावा तसे तिने ते विचारले. मी कालक्रमाचे उत्तर दिले: हा प्रवाह उशिरा आला, म्हणून तो शेवटी. ती गप्प बसली. पण ते उत्तर मला घरी जाईपर्यंत पुरले नाही. हा प्रवाह खरोखर उशिरा आला काय? की तो उशिरा आला असे आम्ही अभ्यासक्रमातून ठरवून टाकले आहे?

२

आता ही यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगतो. आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना तिची नीट कल्पना नसते, आणि म्हणून त्यांचे निवेदन भलत्याच टेबलावर जाऊन पडते.

अभ्यासक्रमाचा मसुदा त्या त्या विषयाचे अभ्यास मंडळ करते. मंडळावर काही सदस्य निवडून येतात, काही नामनिर्देशित असतात. मंडळ बहुधा उपसमिती नेमते; तिच्यातले दोन-तीन जण प्रत्यक्ष लिहितात. मग मसुदा विद्याशाखेकडे व तेथून विद्यापरिषदेकडे जातो. वरच्या पायरीवर शेकडो पाने एकाच बैठकीत मंजूर व्हावयाची असतात. तेथे कोणी घटक आणि तासिका वाचीत बसत नाही. म्हणजे खरा निर्णय सर्वांत खालच्या पायरीवर होतो: तीन माणसे, एक टेबल, एक दुपार. त्या टेबलावर आपले माणूस नसेल तर वरच्या सभागृहापुढे केलेले निदर्शन बहुतेक वेळा उशिराचे ठरते.

मात्र वरच्या पायरीवर काही बदलत नाही असे कोणी समजू नये. २०२१ साली दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्सच्या इंग्रजी अभ्यासक्रमातून महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' ही कथा काढण्यात आली. बामा आणि सुकीर्तराणी या दोन तमिळ दलित लेखिकाही काढण्यात आल्या. हा बदल विभागातल्या शिक्षकांनी सुचवलेला नव्हता. देखरेखीसाठी नेमलेल्या समितीने तो केला आणि विद्यापरिषदेने मान्य केला. पंधरा सदस्यांनी भिन्नमत नोंदवले, बदल झालाच. या दोघींच्या जागी ठेवल्या गेल्या त्या आपल्या पंडिता रमाबाई. रमाबाईंचे मोठेपण मी मानतो. पण एका बंडखोर स्त्रीला दुसऱ्या दोघींना बाहेर काढण्याचे निमित्त करावे, यात अभ्यासक्रमाचे राजकारण पुरते उघडे होते. मोजणीच्या दृष्टीने पाहिले तर स्त्रिया होत्याच. गेली ती जात.

३

अभ्यासक्रम हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. याचा विसर पडल्यामुळे आपण या कामाकडे प्राध्यापकांचे कारकुनी काम म्हणून पाहतो.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. उच्च शिक्षणावर सरकार खर्च करते आणि तो पैसा ज्यांच्या घामातून आला त्या बहुजनांची प्राथमिक शाळा मात्र उपेक्षित राहते, हा त्यातला भाग आपण वारंवार सांगतो. परंतु त्याच निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हेही सांगितले आहे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे प्राथमिक ज्ञान, शेतीची तोंडओळख, नीती व आरोग्याचे काही पाठ. शिक्षकही शेतकरी वर्गातले, गरज पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज न वाटणारे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. हा एक संपूर्ण अभ्यासक्रमाचा मसुदा आहे. त्यात मोडी का? कारण सावकाराचे व कुळकर्ण्याचे कागद मोडीत असत. हिशेब का? कारण कर्ज फेडूनही ते फिटले नाही असे सांगितले जात असे. शिकणाऱ्या माणसाला उद्या कोणत्या कागदापुढे उभे राहावे लागणार आहे, तेथून फुले अभ्यासक्रमाची सुरुवात करतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली मुंबईच्या विद्यापीठ सुधारणा समितीला सविस्तर लेखी उत्तरे दिली. विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे कार्यालय राहू नये, ती शिकवणारी संस्था व्हावी, असा त्यांचा रोख होता. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी मागासलेल्या वर्गांना सिनेटवर प्रतिनिधित्व मागितले. काय शिकवावे आणि ते ठरवणाऱ्या टेबलावर कोण असावे, हे दोन प्रश्न त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, त्यामागे हाच विचार होता.

तेव्हा अभ्यासक्रमाच्या टेबलावर बसणारा आपला शिक्षक एका परंपरेत बसलेला असतो. तो तेथे उपकृत म्हणून गेलेला नाही.

४

अलीकडे दुसऱ्यांदा उपसमितीवर काम करण्याची वेळ आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सर्व पत्रिका श्रेयांकांत बसवावयाच्या होत्या. लेखी विषयात एका श्रेयांकाला पंधरा तासिका. चार श्रेयांकांची 'दलित साहित्य : विचार आणि निर्मिती' ही स्वतंत्र पत्रिका मी मांडली. या वेळी त्या विद्यार्थिनीचा प्रश्न समोर ठेवून मसुदा लिहिला.

पहिला प्रश्न होता प्रारंभाचा. रूढ मांडणीत दलित साहित्य १९५८ च्या मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून, नाही तर बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या कथासंग्रहापासून सुरू होते. या दोन्ही घटना मोठ्या आहेत. परंतु तेथून सुरुवात केली की मराठी साहित्याची इमारत आधी बांधून झाली आणि आपण मागाहून पडवीत येऊन बसलो, असे चित्र तयार होते. म्हणून मी पहिला पाठ ठेवला तो १८५५ चा. त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मुक्ता ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती विचारते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांची काय गत होती, इमारतींच्या पायात त्यांना कसे पुरले जाई, ते ती लिहिते. हा निबंध पहिल्या तासिकेला वाचला की वर्गात एक वेगळीच गोष्ट घडते. विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते की पहिला पाठ एका विद्यार्थिनीने लिहिलेला आहे, शाळेत शिकत असताना लिहिलेला आहे. जो निबंध ते स्वतः दर आठवड्याला कंटाळून लिहितात, त्याच प्रकारात.

दुसरा पाठ ठेवला फुल्यांचे 'तृतीय रत्न' नाटक. त्याचाही इतिहास शिकवण्यासारखा आहे. १८५५ साली फुल्यांनी ते लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, आणि ते स्वीकारले गेले नाही, असे फुल्यांनीच सांगून ठेवले आहे. ते नाटक छापून आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. मध्ये एकशे चोवीस वर्षे गेली. इतकी वर्षे मराठी नाटकाचा इतिहास या नाटकावाचून लिहिला गेला, शिकवला गेला, त्यावर परीक्षा झाल्या. दलित-बहुजनांचे साहित्य उशिरा आले काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ते वेळेवर आले होते; कमिटीने त्याला दारात थांबवले. आपण ज्या टेबलावर बसतो ते टेबल त्या कमिटीच्या वंशातले आहे, हे आपणही विसरता कामा नये.

५

दुसरा प्रश्न होता विचाराचा. अभ्यासक्रमात दलित साहित्य घ्यावयाचे म्हटले की बहुतेकांचे हात आत्मकथनाकडे जातात. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) ही पुस्तके मराठीचे वैभव आहेत. पण केवळ आत्मकथनेच लावली की दलित हा सोसणारा आणि विचार करणारा मात्र दुसराच कोणी, अशी विभागणी होते. विद्यार्थी दुःख वाचतो, हळहळतो आणि पुढच्या पत्रिकेकडे वळतो. ही हळहळ प्रस्थापितांना चालते. तिच्यामुळे कोणाचे आसन हलत नाही.

म्हणून प्रत्येक आत्मकथनाशेजारी मी एक वैचारिक अथवा कायद्याचा कागद ठेवला. 'बलुतं'बरोबर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडलेले महार वतनाविषयीचे विधेयक व त्यावरील त्यांची मांडणी. येसकर, तराळ, हाडोळा हे शब्द मग शब्दार्थाच्या यादीपुरते राहत नाहीत. त्यांमागची वेठ दिसू लागते. 'उचल्या'बरोबर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माने माणसाला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली रद्द झाला. हे न सांगता 'उचल्या' शिकवले तर वर्गात चोरीच्या सुरस गोष्टी उरतात आणि मागच्या बाकावरचा विमुक्त जमातीतला मुलगा मान खाली घालतो. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त यांना एकाच गाठोड्यात बांधण्याची सवयही आपण टाकली पाहिजे. दुःखाचे नाते खरे. पण प्रत्येकाचा इतिहास निराळा आहे.

स्त्रियांचे तसेच. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही दोन्ही पुस्तके १९८६ ची. त्यांना मी 'स्त्रियांचे योगदान' अशा शेपटाच्या घटकात घातले नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) शेजारी ठेवून ती चळवळीच्या मुख्य घटकात घातली. चळवळीत पुढे असलेल्या स्त्रीला घरात काय सोसावे लागले, हे बेबीताई आडपडदा न ठेवता लिहितात. तो प्रश्न आपल्याच घराला विचारलेला आहे. तो वगळून दिलेला अभ्यासक्रम आपल्या सोयीचा असेल, प्रामाणिक असणार नाही.

आणि चौथ्या घटकात 'जातिसंस्थेचे उच्चाटन'. बैठकीत सर्वांत मोठा वाद झाला तो या पुस्तकावर. "हे साहित्य नव्हे, हे समाजशास्त्र आहे, त्या विभागाकडे पाठवा," असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. मी विचारले, चिपळूणकरांची 'निबंधमाला' आपण कोणत्या विभागात शिकवतो? 'निबंधमाला' १८७४ ला सुरू झाली. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची. एक मराठी गद्याचा मानदंड म्हणून साहित्याच्या इतिहासात आणि दुसरी समाजसुधारणेच्या खात्यावर, ही वाटणी कोणत्या वाङ्मयीन निकषावर झाली? याचे उत्तर मिळाले नाही. तडजोड सुचवण्यात आली: पुस्तक ठेवा, पण धर्मशास्त्राविषयीचा भाग गाळून निवडक पाने लावा.

मला लाहोर आठवले. १९३६ साली जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. छापलेले भाषण पाहून मंडळाने काही भागांना हरकत घेतली. बाबासाहेबांनी बदल नाकारला, परिषद रद्द झाली आणि ते भाषण त्यांनी स्वतः प्रसिद्ध केले. ज्या पुस्तकाचा जन्मच काटछाट नाकारून झाला, त्याची काटछाट करून ते लावण्याचा अधिकार मला नाही, एवढेच मी सांगितले. संपूर्ण लावा, नाही तर लावू नका. आणि लावत नसाल तर कारण इतिवृत्तात नोंदवा. कारण नोंदवा म्हटल्यावर आवाज खाली आले. शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे: तोंडी हरकत घेणाऱ्याला नम्रपणे लेखी कारण मागावे. पुष्कळ हरकती शाई पाहिली की विरतात.

६

तिसरा प्रश्न परीक्षेचा. विद्यार्थी अभ्यासक्रम वाचीत नाही. तो गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका वाचतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिला असतो, आणि नापास होणे त्याला परवडत नाही. म्हणून प्रश्नपत्रिका हाच खरा अभ्यासक्रम असतो. दोन प्रश्न पाहा.

एक: "'बलुतं'मधील दारिद्र्याचे व दुःखाचे चित्रण स्पष्ट करा."

दुसरा: "गावाला महारांचे कोणते श्रम लागत होते, आणि त्यांचा मोबदला कोण व कसा ठरवीत होते? 'बलुतं'च्या आधारे लिहा."

पुस्तक तेच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये मिळते; दुसऱ्यासाठी पुस्तक उघडावे लागते. पहिला प्रश्न दलिताकडे बोट दाखवतो, दुसरा गावाकडे. पहिल्यात सवर्ण विद्यार्थी प्रेक्षक राहतो. दुसऱ्यात त्याचा आजाही त्या व्यवहारात कोठे तरी उभा होता हे त्याला दिसू लागते. मी प्रत्येक घटकाखाली असे नमुना प्रश्न जोडले.

त्याला लागून आणखी एक गोष्ट. दलित साहित्य शिकवताना काही शिक्षक, चांगल्या हेतूनेच, वर्गातल्या दलित विद्यार्थ्याला उभे करतात: "तू सांग, तुझा अनुभव काय?" त्या मुलाने आपली जात सर्वांसमोर सांगावी, वर जखमही दाखवावी, अशी ही मागणी असते. बाकीच्यांना मात्र कोणी विचारीत नाही की तुमच्या घरात पाण्याचे वेगळे भांडे होते काय, तुमच्या गावात स्मशाने किती आहेत. म्हणून शिक्षकांसाठी मी एक सूचना लिहिली: अनुभव सांगण्याची सक्ती कोणावर करू नये, प्रकल्प द्यावयाचा तर सर्वांना एकच द्यावा. आपल्या गावाचा नकाशा काढा. पाणवठे, मंदिर, शाळा, वस्त्या आणि स्मशाने दाखवा. हा प्रकल्प मी माझ्या वर्गात देऊन पाहिला आहे. नकाशा खोटे बोलत नाही, आणि तो काढण्यासाठी कोणाला उभे राहून आपली जात सांगावी लागत नाही.

पुस्तके मिळतात की नाही, हेही मसुदा लिहितानाच पाहावे. जे पुस्तक बाजारात नाही ते लावणे म्हणजे गाईडवाल्याची सोय करणे होय. महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड शासनाने प्रसिद्ध केले आहेत, ते स्वस्त पडतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रती किती आहेत ते मोजून मगच पाठ्यपुस्तक ठरवावे. साठ विद्यार्थ्यांना दोन प्रती असतील तर अभ्यासक्रम कितीही क्रांतिकारक असो, वर्गात तो पोचणार नाही.

७

या मसुद्याचे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. पत्रिका मंजूर झाली. मुक्ता साळवेचा निबंध पहिला पाठ म्हणून राहिला. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' संपूर्ण राहिले. नमुना प्रश्न मात्र गळाले. "प्रश्न काय विचारावा हे परीक्षकाचे स्वातंत्र्य आहे," असे सांगण्यात आले. आणि पत्रिका वैकल्पिक ठरली. वैकल्पिक म्हणजे महाविद्यालयाला हवी असेल तर. ज्या महाविद्यालयात मराठीचा एकच शिक्षक आहे, तेथे हा विकल्प बहुधा फॉर्मवरच राहतो. शिकवावयास सोपी पत्रिका निवडली जाते आणि विद्यार्थ्याला असा एक पर्याय होता हे कळतही नाही.

म्हणून एका स्वतंत्र पत्रिकेवर आपण थांबू नये. ती हवीच, पण तिच्या बाहेरही आपले ग्रंथ गेले पाहिजेत. अनिवार्य असलेल्या मराठी गद्याच्या इतिहासात 'निबंधमाले'शेजारी 'गुलामगिरी' हवी. नाटकाच्या इतिहासात 'तृतीय रत्न' हवे. नव्या रचनेत भारतीय ज्ञानप्रणाली नावाचा विषय आला आहे. तेथे 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) हवा. पावसाचे पाणी शेतात मुरावे, डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळा व गाळ बांधांनी अडवावा, हे फुल्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. मातीत हात घालणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञान नव्हे काय? आपले लेखन केवळ आपल्या नावाच्या कोनाड्यात ठेवले जात असेल, तर तो कोनाडा आणि गावाबाहेरची वस्ती यांत फार फरक नाही.

कार्यकर्त्यांना विनंती अशी की, अभ्यास मंडळाची मुदत केव्हा संपते, नवे केव्हा बनते, आपल्या भागातून त्यावर कोण आहे, याची माहिती ठेवा आणि मसुदा होत असताना निवेदन द्या. विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयात ही पत्रिका का उघडली नाही हे लेखी अर्जाने विचारावे. पाच-दहा सह्यांचा अर्जही प्राचार्यांना बाजूला ठेवता येत नाही. शिक्षकांना मात्र मी सर्वांत आधी स्वतःला जे सांगितले तेच सांगेन: प्रश्नपत्रिका काढण्याचे काम आले तर ते टाळू नका. नमुना प्रश्न मसुद्यातून गळाले असले तरी परीक्षक आपणच आहोत. परीक्षकाचे स्वातंत्र्य आपल्यालाही आहे.

ती विद्यार्थिनी पुढे शिक्षिका झाली, एका तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. नवा अभ्यासक्रम छापून आला तेव्हा मी तिला एक प्रत पाठवली. तिने फोन केला. आभार वगैरे काही नाही. म्हणाली, "सर, पहिला पाठ वाचला. पण हा वैकल्पिक का?"

तिचा दुसरा प्रश्न मी पुढच्या बैठकीत नेणार आहे.